केरी वॉल्श मोठी की मिस्टी मे? सोलापूरकरांनो, एकदाचा निकाल लावा

सात_रस्ता :
माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे तटस्थ असल्याचं नाटक करायला नको. बीच व्हॉलीबॉलमध्ये आजवर झालेल्या खेळाडूंत केरी वॉल्श जेनिंग्ज सगळ्यांत मोठी. अथेन्स २००४, बीजिंग २००८, लंडन २०१२, अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं. तिन्ही मिस्टी मे-ट्रेनरच्या जोडीनं. लंडननंतर मिस्टी थांबली. केरीनं नवी जोडीदार घेतली आणि २०१६ ला रिओत एप्रिल रॉसबरोबर कांस्य मिळवलं. लंडनला खेळली तेव्हा तिसऱ्यांदा गरोदर होती, पाचेक आठवड्यांची. आणि या सगळ्याच्या आधी, २००० ला सिडनीत, ती सहा जणींच्या इनडोअर संघातून ऑलिंपिक खेळून आलेली.

पण आमच्या पार्क चौकातल्या कट्ट्यावरचे काका (त्यांच्या काळात विद्यापीठाकडून खेळलेले) हे मान्यच करत नाहीत. त्यांचं म्हणणं, केरी उंच म्हणून नजरेत भरली, खेळ सगळा मिस्टीचा. आता सुवर्णं तर दोघींनी एकत्रच जिंकली, मग मोठी कोण हे ठरवायचं तरी कशावर?

अवांतर चालेल. क्रिकेट नको.

कडक_भाकरी :
क्रिकेट.
कुणीतरी आणणारच होतं, मी आणून मोकळा झालो. आता चालू द्या.

पुणेकर_नाइलाजाने :
आकडे बघू. तीन ऑलिंपिक मिळून या जोडीचे २१ सामने, २१ विजय. ४३ सेट खेळल्या, ४२ जिंकल्या. गेलेला एकुलता एक सेट लंडनला, ऑस्ट्रियाच्या श्वायगर बहिणींविरुद्ध. २००७-०८ मध्ये लागोपाठ ११२ सामने हरल्या नाहीत. यातला एकही आकडा मधून फोडून अर्धा हिला, अर्धा तिला देता येत नाही.

देता येतो तो पुढचा. रिओत केरी आणि एप्रिल उपांत्य फेरीत ब्राझीलच्या अगाथा-बार्बराकडून हरल्या. ऑलिंपिकच्या वाळूवर केरीचा तो पहिला पराभव. मिस्टी शेजारी होती तोवर हार नाही, मिस्टी गेली आणि हार आली. काकांना माझा नमस्कार सांगा.

सात_रस्ता :
@पुणेकर, हा हिशेब सोयीचा आहे. रिओत केरी नुकतीच ३८ पूर्ण झालेली (वाढदिवस १५ ऑगस्ट, बघा). आदल्या वर्षी तिचा उजवा खांदा निखळला होता, ऑपरेशन झालं होतं. त्या खांद्यावर तिनं कांस्य काढलं, तेही पहिला सेट गमावल्यावर. मिस्टीनं ३५ व्या वर्षी थांबून आपला हिशेब कोरा ठेवला. जो खेळतच नाही तो हरणार कसा?

शेंगाचटणी :
काय बे सात रस्ता, थांबणाऱ्यावर पण आरोप! मिस्टीनं थांबायच्या आधी काय सोसलं ते पण लिही की. बीजिंगनंतर टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेत गेली आणि सरावात टाचेची शीर तुटली, अकिलीस. तिथून परत वाळूत उभी राहून लंडनचं सुवर्ण. टाच गेलेल्या माणसाला वाळूत पाय रोवून उडी मारायची म्हणजे चेष्टा हाय का?

बूस्टर_तीन :
मी कॉलेजात बूस्टर, म्हणजे स्मॅशसाठी बॉल उचलून देणारा, होतो (काही जण लिफ्टर म्हणतात, तेच), त्यामुळे माझा कल कुणाकडे असणार ते उघड आहे. तरी खेळ कसा चालतो ते आधी बघू, मग भांडू.

इनडोअर कोर्ट १८ बाय ९ मीटर, माणसं सहा. वाळूवर १६ बाय ८, माणसं दोन. नेट तेवढंच उंच, बायकांसाठी २.२४ मीटर. सहा जणांत एखाद्याची रिसिव्हिंग कच्ची असेल तर त्याला झाकता येतं, लिबेरो (खास बचावासाठी ठेवलेला खेळाडू) उतरवता येतो. दोघांत कुणाला झाकणार? समोरचा बघून बघून कच्च्यावरच सर्व्हिस टाकतो. बरं, ज्यानं पास दिला त्यालाच बहुतेक वेळा पुढे स्मॅश मारायला जावं लागतं, कारण मधला बॉल उचलायला दुसरा एकटाच उरतो. म्हणजे आज आपल्याकडून कोण मारणार हे निम्मं समोरची जोडी ठरवते.

शिवाय वाळूवर ब्लॉकला हात लागला की तो तीन टचमधला एक धरतात, इनडोअरला धरत नाहीत. बोटांनी अलगद पलीकडे सोडायचा बॉल तर चालतच नाही, मूठ किंवा बोटांची पेरं वापरायची. वर वारा, ऊन. म्हणून दर सात गुणांनी बाजू बदलतात, तिसऱ्या सेटमध्ये पाचांनी.

आता या दोघी. केरी सव्वासहा फुटांच्या आसपास, नेटवर ब्लॉक. मिस्टी पावणेसहाच्या आसपास, मागे एकटी. सर्व्हिसच्या आधी नेटजवळची खेळाडू पाठीमागे हात धरून बोटं दाखवते ते पाहिलं असेल. एक बोट म्हणजे रेषेची बाजू अडवते, दोन म्हणजे आडवा फटका अडवते. उरलेलं जवळजवळ आठ मीटर रुंद मैदान मागचीचं. ब्लॉक दिसतो, टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवतात. पण त्या ब्लॉकला घाबरून समोरच्यानं बाजूनं सोडलेला बॉल जी उचलते, तिचं कौतुक कुणी करत नाही. माझं मत मिस्टीला.

विडी_घरकुल :
@बूस्टर, अगदी. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वराची काठी (नंदीध्वज) सगळ्या गावाला लांबून दिसते, पण ती कमरेच्या पट्ट्यात तोलून चालणारा गर्दीत दिसत नाही. केरी काठी, मिस्टी धरणारा.

सात_रस्ता :
नंदीध्वजांना मध्ये आणलंत, आता मी काय बोलणार! पण काठीच नसेल तर धरणारा धरणार काय, हे पण सांगा.

शूटर_मोहोळ :
आमच्याकडं शूटिंग व्हॉलीबॉल. जत्रेला नेट बांधायचं, हॅलोजन लावायचे, रात्रभर मॅचा. माती टणक, पाय घट्ट. एकदा नदीच्या वाळूत खेळून बघितलं लगा, पहिल्या दहा मिनटात सगळे शूटर खाली. उडी मारली की पाय खाली जातोय, माणूस वर जाईनाच. त्यामुळं त्या दोघींत कोण मोठी ते मला म्हायती न्हाय, पण दोघीबी आमच्या सगळ्या टीमपेक्षा मोठ्या, एवढं लिहून घ्या.

वैद्यकी_अवांतर :
मोहोळकरांचा अनुभव शास्त्राला धरून आहे. वाळूत पळायला कडक जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते. पायानं दिलेला जोर वाळू सरकवण्यात जातो. फायदा हा की उतरताना गुडघ्याला बसणारा धक्का कमी. इनडोअरचे बरेच खेळाडू तिशीनंतर वाळूकडे वळतात आणि पुढे बरीच वर्षं टिकतात, त्याचं एक कारण हे.

पण वाळू खांद्याला वाचवत नाही. एकटीनं सर्व्हिस, एकटीनं स्मॅश, खांदा सतत डोक्यावर. बीच व्हॉलीबॉलपटूंमध्ये खांद्याच्या मागून जाणारी एक नस ताणली जाते आणि तिथला स्नायू हळूहळू वाळतो. कित्येकांना दुखत नाही म्हणून कळतही नाही. बीजिंगला केरीच्या खांद्यावर काळ्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, आठवतं? त्यानंतर जगभर ती टेप फॅशनसारखी पसरली. आता आपल्याकडे मॅरेथॉनला गुडघा न दुखणारेही लावून येतात. तिचा उपयोग किती, यावर मी इथं भांडणार नाही.

चिमणीखालचा :
तुम्ही सगळे दोघींतच अडकलात. कार्च किरायचं नाव कुणी घेणार की नाही? १९८४ लॉस एंजेलिस आणि १९८८ सोल, दोन्हीकडे इनडोअर सुवर्ण. १९९६ ला अटलांटात बीच व्हॉलीबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं, तिथं केंट स्टेफ्सबरोबर सुवर्ण, वयाच्या पस्तिशीत. इनडोअर आणि वाळू, दोन्हींत ऑलिंपिक सुवर्ण असलेला माणूस जगात हा एकच, पुरुष धरा की बाई. अमेरिकेतल्या व्यावसायिक मालिकेत ४४ व्या वर्षी स्पर्धा जिंकला. मग प्रशिक्षक झाला आणि टोकियोत अमेरिकेच्या बायकांच्या इनडोअर संघाला त्यांचं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं.

वडील हंगेरीचे, १९५६ च्या उठावानंतर देश सोडून आलेले. त्यांनीच खेळ शिकवला. अकराव्या वर्षी वाळूवरची पहिली स्पर्धा पोरगा खेळला तो बापाला जोडीदार घेऊन. मिस्टीचं पण असंच, तिचे वडील १९६८ ला मेक्सिकोत ऑलिंपिक खेळलेले. या खेळात घरचं वळण फार दिसतं.

ओस्लोतला_सोलापूरकर :
घरच्या वळणावरून. नॉर्वेचा अँडर्स मोल, टोकियोचा सुवर्णविजेता, ख्रिस्तियन सोरुमबरोबर. त्याची आई १९९६ ला अटलांटात याच खेळात नॉर्वेकडून उतरली होती, वडील प्रशिक्षक. इथं वर्षातले निम्मे महिने बाहेर बर्फ. पोरं हॉलमध्ये वाळू टाकून खेळतात. पॅरिसला तर पुरुषांचं सुवर्ण स्वीडनच्या आमान-हेल्विग या विशीतल्या पोरांनी नेलं. कुठं ब्राझीलचा कोपाकाबाना किनारा आणि कुठं स्वीडन! त्यामुळे सोलापुरात समुद्र नाही हे रडगाणं मी ऐकून घेणार नाही. लंडनला तरी कुठं होता? पंतप्रधानांच्या घरामागच्या परेड मैदानावर वाळू आणून ओतली होती.

वाळवंटकर :
समुद्र नसला तरी आमच्या पंढरपुरात चंद्रभागेचं वाळवंट आहे. लहानपणी नदी आटली की आम्ही पोरं तिथंच नेट बांधायचो. नेट म्हणजे दोन बांबू आणि सुतळी. वारी आली की आवरायचं. आता उपसा करून करून ठिकठिकाणी खड्डे पडलेत, अनवाणी पळायला भीती वाटते, काय लागेल सांगता येत नाही.

मिस्टीची एक गोष्ट कुणी लिहिली नाही. तिची आई २००२ ला कॅन्सरनं गेली. अथेन्सला सुवर्ण मिळाल्यावर तिनं आईची थोडी रक्षा त्या कोर्टाच्या वाळूत सोडली होती. हे वाचल्यापासून माझं मत तिलाच. याला युक्तिवाद म्हणत नाहीत, माहिती आहे.

जुळे_सोलापूरची_आई :
माझा प्रश्न वेगळा आहे, पण इथंच विचारते. मुलगी नववीत, शाळेच्या व्हॉलीबॉल संघात. पॅरिसचा बायकांचा अंतिम सामना मोबाइलवर पाहिला, आयफेल टॉवरच्या पायथ्याशी तो कोर्ट, तेव्हापासून एकच ध्यास. त्या ब्राझीलच्या दोघी, आना पॅट्रिसिया आणि डुडा, हिच्या कपाटावर चिकटवल्यात. आमच्या सासूबाईंनी फोटो पाहिला आणि विचारलं, "कपडे कुठायत?" घरात दोन दिवस अबोला. कपड्यांचं काय करायचं, आणि यात पुढे काही आहे का, दोन्ही सांगा.

बूस्टर_तीन :
ताई, कपड्यांची काळजी सोडा. २०१२ पासून आंतरराष्ट्रीय नियमातच हाफ पँट आणि बाह्यांचा टॉप चालतो. आधी मात्र बिकिनी किंवा वन-पीस स्विमसूटच सक्तीचा होता, बिकिनीची बाजूची पट्टी सात सेंटिमीटरपेक्षा रुंद नको असा नियम. पुरुष आरामात ढगळ्या चड्डीत. रिओत इजिप्तची डोआ एलघोबाशी पूर्ण बाह्या, लांब पँट आणि हिजाब घालून खेळली, कुणी अडवलं नाही. मुलीला टी-शर्ट, ट्रॅक पँटवर उतरवा आणि सासूबाईंना मॅच बघायला घेऊन जा.

पेठेतली_पद्मा :
पट्टी मोजणारे सात सेंटिमीटरवाले कोण होते त्यांना पण एकदा वाळूत उतरवलं पाहिजे होतं.

ताई, मुलीला जॅकी सिल्वाबद्दल सांगा. ब्राझीलच्या इनडोअर संघात होती. बायकांना पैसे वेगळे का, म्हणून भांडली, त्यात राष्ट्रीय संघातून गेली. मग अमेरिकेत जाऊन वाळूवर खेळली, आणि अटलांटा १९९६ ला सांद्रा पिरेसबरोबर पहिलंवहिलं सुवर्ण. ब्राझीलच्या बायकांना ऑलिंपिकच्या इतिहासात मिळालेलं ते पहिलं सुवर्ण, आणि अंतिम सामन्यात समोरची जोडी पण ब्राझीलचीच. कुणाची कारकीर्द मोठी हे पदकांवरच मोजायचं असेल तर ही यादीत खाली राहील. माझ्या यादीत राहत नाही.

पुणेकर_नाइलाजाने :
ताई, पुढे काय आहे ते गोड करून सांगत नाही. ऑलिंपिकमध्ये बायकांच्या फक्त २४ जोड्या, एका देशाच्या जास्तीत जास्त दोन. भारताची जोडी तिथं अजून पोहोचलेली नाही. त्याखालची शिडी मात्र हळूहळू तयार होतेय. राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत हा खेळ आहे (गोव्याला २०२३ मध्ये होता), एशियन गेम्समध्ये १९९८ पासून आहे, आणि मे २०२५ मध्ये दीवच्या घोघला किनाऱ्यावर पहिल्या खेलो इंडिया बीच गेम्स झाल्या, तिथंही होता. सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण, रेल्वे, पोलीस, दहावी-बारावीचे सवलतीचे गुण, हे धरायचं असेल तर इनडोअर सोडू नका. प्रत्येक जाहिरातीत खेळांची आणि स्पर्धांची यादी असते, ती आधी वाचा. प्रमाणपत्र फ्रेम करून नंतर धावपळ करणारे पालक मी पाहिलेत.

कडक_भाकरी :
माझ्या चुलतभावाला एका कार्यालयात खेळाडूचं प्रमाणपत्र पडताळायला एवढे हेलपाटे घालायला लावले, की त्याची फिटनेस तिथेच झाली. वाळूची गरज पडली नाही.

हिशेबनीस :
सगळे वाळू वाळू करतायत, कुणी माप काढलं का? कोर्ट १६ बाय ८. चारी बाजूंनी कमीत कमी तीन मीटर मोकळी जागा, म्हणजे २२ बाय १४, ३०८ चौरस मीटर. खोली किमान ४० सेंटिमीटर. म्हणजे १२३ घनमीटर. ब्रासमध्ये साडेत्रेचाळीस.

शेंगाचटणी :
साडेत्रेचाळीस ब्रास! घरकुलाला सरकार पाच ब्रास देतंय, म्हणजे जवळजवळ नऊ घरकुलांची वाळू एका कोर्टात. रात्री हायवा लावून टाकला तर सकाळी सर्व्हिस करायला तहसीलदार साहेब स्वतः हजर.

विडी_घरकुल :
आणि पंच म्हणून तलाठी.

हिशेबनीस :
हसा. पण क्रश सँड टाकू नका, तेवढं ऐका. तिचे कण टोकदार असतात, डाइव्ह मारली की गुडघे-कोपरं सोलून निघतात. धूळही खूप. गोल कणांची, धुतलेली, चाळलेली वाळू लागते. खाली खडीचा थर आणि पाणी जायला पाइप, नाहीतर पहिल्या पावसात डबकं. आणि रात्री झाकायला ताडपत्री. ताडपत्री का, ते ज्यांच्या गल्लीत बांधकाम चालू आहे आणि मांजरं आहेत त्यांना सांगायला नको.

वाळवंटकर :
ऊन पण धरा हिशेबात. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३, दुपारी वाळूत पाय ठेवून दाखवा. टोकियोला तर सरावाच्या वेळी वाळू इतकी तापली होती की पाइपनं पाणी मारावं लागलं. आपल्याकडं तेवढं पाणी आणायचं कुठनं? उजनीचं आवर्तन विचारून मॅच लावायची?

सात_रस्ता :
धागा वाळूत रुतला. माझा प्रश्न कुणाला आठवतोय का?

चिमणीखालचा :
आठवतोय, आणि उत्तर अजून किराय.

बूस्टर_तीन :
ठीक, शेवटचा प्रयत्न. डुडा आणि आना पॅट्रिसिया २०१४ ला नानजिंगच्या युवा ऑलिंपिकमध्ये एकत्र जिंकल्या. मग जोडी फुटली. दोघी टोकियोला वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर गेल्या, दोघींना पदक नाही. २०२२ ला पुन्हा एकत्र आल्या, त्याच वर्षी जगज्जेत्या, आणि पॅरिसला सुवर्ण. एप्रिल रॉसनं उलटं केलं. लंडनला जेनिफर केसीबरोबर रौप्य (अंतिम सामना याच केरी-मिस्टीकडून हरली), रिओत केरीबरोबर कांस्य, टोकियोत अ‍ॅलिक्स क्लाइनमनबरोबर सुवर्ण. तीन जोडीदार, तीन रंग. म्हणजे दोन्ही तऱ्हेनं थोर होता येतं. एकीबरोबर टिकून, नाहीतर कुणाबरोबरही जमवून. केरीनं दोन्ही केलं, हे @सात_रस्ता, तुला देतो. मिस्टी मोठी हे माझं मत तरीही बदलत नाही.

सात_रस्ता :
"देतो" म्हणालास ना? स्क्रीनशॉट काढला. काकांना दाखवतो.

पेठेतली_पद्मा :
पॅरिसच्या अंतिम सामन्यात आना पॅट्रिसिया आणि कॅनडाची विल्करसन नेटमधून एकमेकींवर धावून गेल्या होत्या, ते पाहिलं का? डीजेनं लगेच शांततेचं गाणं लावलं आणि सगळं स्टेडियम गायला लागलं, त्या दोघी पण हसल्या. या धाग्याला तसा एक डीजे पाहिजे.

जुळे_सोलापूरची_आई :
सगळ्यांचे आभार. इनडोअर चालू ठेवतो आणि रविवारी पहाटे वाळवंटकरांच्या सल्ल्यानं खड्डे नसलेली जागा बघतो. सासूबाई पण येतो म्हणाल्या, पंढरपूर म्हटल्यावर. मुलगी विचारतेय, वाळूत बूट घालायचे की अनवाणी?

वैद्यकी_अवांतर :
अनवाणी. वाळू तापली असेल तर वाळूसाठीचे जाड मोजे मिळतात. पहिले काही दिवस उड्या कमी, पोटऱ्या दुखतील. खेळायच्या आधी चौघांनी मिळून जागा हातानं चाचपून घ्या, काच-खिळे असतात. आणि पाणी घरून न्या.

वाळवंटकर :
पाणी आणू नका, आमच्याकडून घ्या. नेट मात्र आणा, सुतळीवर ब्राझील येत नाही.